ठाऊक असलेलं विचारायचं नाही

"त्रेसिया, तुझ्या वर्गातून मासळीबाजारासारखा आवाज येतो," असं विलासिनी टीचर मला अधूनमधून ऐकवायच्या. मी म्हणायचे, "बाजारात मुकं राहून कुणाचं भागलंय का, टीचर?" त्या मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखालची. पण आम्ही दोघी एकाच बसने येतो, एकमेकींच्या डब्यातलं लोणचं खातो, त्यामुळे एवढं खपून जायचं. त्या फेब्रुवारीत मात्र खपलं नाही.

"पुढच्या बुधवारी सहदेवन सर येतायत," त्या म्हणाल्या. "शिक्षणाधिकारी स्वतः भाषा तपासणार. आता तुझे खेळ पुरे कर आणि व्याकरण शिकव."

"व्याकरणच शिकवतेय."

"पाठीला पाठ लावून पोरी ओरडत बसतात, ते व्याकरण?"

"तेच."

त्यांनी कपाळाला हात लावला. वाईट बाई नव्हेत त्या, उगाच कशाला खोटं बोलू. शाळा बंद पडेल या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. आमच्या भागात घराघरामागे प्लायवूडचा कारखाना. गावातली आपली पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात, आणि आमच्या बाकांवर बसतात ती कारखान्यात राबायला आलेल्या ओडिया, बंगाली, आसामी लोकांची मुलं. तीच आहेत म्हणून घंटा वाजते. त्यांना आमची मल्याळम येत नाही म्हणून वय कितीही असो, बसवायचं दुसरीत. मग अधिकारी येऊन बोलणं ऐकणार आणि सही करणार, तेव्हा कुठे मूल आपल्या वयाच्या वर्गात जाणार.

कुंतला नाहक अशीच दुसरीत बसलेली होती. वय अकरा. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत म्हणून बाहेर पाय काढून तिरकी बसायची. आजूबाजूची सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली तिला ताई म्हणायची आणि वेण्या घालून घ्यायची. तिचे वडील त्रिनाथ ओंडके सोलायच्या यंत्रावर, आई सबिता लाकडाचे पातळ पत्रे उन्हात वाळत घालणारी. त्रिनाथने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "टीचर, जूनमध्ये पाचवीत गेली तर राहील. नाही गेली तर ओडिशात, गंजामला आजीजवळ. दुसरीत बसून म्हातारी करायचीय का तिला?" नुसती धमकी नव्हती ती. थोरल्या बसंतीला त्याने असंच गावी पाठवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी तिचं लग्न लावून मोकळा झाला होता.

म्हणजे बुधवारी सहदेवन सर जे काही लिहून जाणार, त्यावर या पोरीचं पुढचं सगळं टांगलेलं.

"म्हणूनच सांगतेय," विलासिनी टीचर म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यासमोर एक तक्ता पसरला. "आठ दिवस एवढंच घोटून घे. सर हेच विचारतात. सगळीकडे हेच विचारतात."

तक्त्यावर मोठ्या अक्षरात होतं: हे काय आहे? ही छत्री आहे. हे काय आहे? हे घर आहे. ही कोण आहे? ही आई आहे.

तो तक्ता पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण तो मला चांगलाच माहीत होता.

मी या शाळेत बदलून आले ती जूनमध्ये. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी कुंतला चिखल तुडवत धावत आली. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी, म्हणून तीही शाळेला आली नव्हती. तिने माझा पदर धरला आणि धापा टाकत म्हणाली, "ही आई आहे! ही आई आहे!" मी म्हटलं, कुठाय आई? तर ती रडायला लागली आणि म्हणाली, "हे घर आहे. ही आई आहे. ही छत्री आहे." जेवढं येत होतं तेवढं सगळं तिने माझ्यापुढे ओतलं. मी तिच्यामागे गेले तर कारखान्याच्या आवारात, त्यांच्या राहत्या खोलीमागे सबिता पडलेली, घसरलेल्या ओंडक्याखाली तिचा पाय. जवळपास दुसरं माणूस नाही. वर्षभर शाळेत शिकून या पोरीजवळ छत्री होती, घर होतं, आई होती. पण "पडली" नव्हतं, "चला" नव्हतं, "लवकर" नव्हतं.

सबिताचा पाय बरा झाला. माझा राग नाही झाला. मी तो तक्ता खिळ्यावरून काढला, गुंडाळला आणि कपाटामागे टाकून दिला. तोच धूळ झटकून आता परत माझ्यासमोर आला होता.

तेव्हापासून माझ्या वर्गात एकच नियम आहे: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ते विचारायचं नाही. मीही नाही आणि मुलांनीही नाही. खडू हातात धरून "हे काय?" असं मी विचारलं, तर मुलं मला दंड म्हणून उठून नाचायला लावतात. एकदा चुकून विचारलं आणि नाचलेही आहे. या वयात गुडघे काय बोलले ते मलाच माहीत.

मग विचारायचं काय? जे खरोखर माहीत नाही ते. आज घरी काय खाल्लंस? कुणी केलं? उरलं का? कुणाला दिलं? सकाळचा पहिला तास याच चौकशीत जातो. कुणाकडे शिळा भात पाण्यातला, कुणाकडे मुरमुरे, आमच्याकडे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळे चणे. दोघी पाठीला पाठ लावून बसणार, एकीच्या हातात चित्र, दुसरीच्या हातात कोरी पाटी. पहिली सांगेल तसं दुसरीने काढायचं. मुर्शिदाबादची शाहनाज सात वर्षांची आहे, पण "झाडाच्या वर नाही, मागे! मागे म्हणजे मागे!" असं जे ओरडते, ते ऐकून मागे-पुढे-वर-खाली जन्मात कुणी विसरणार नाही. विलासिनी टीचरांना ऐकू जाणारा मासळीबाजार तो हाच.

चूक झाली तर मी सुधारत नाही. मी फक्त ऐकलं तसंच समजून घेते. कुंतला पहिल्यांदा म्हणाली, "टीचर, बाबा पडतो." मी तशीच उठून चपला घालून दाराशी गेले. "कुठे पडतोय? चल, उचलूया." ती माझ्यामागे. "नाही, नाही! आता नाही! काल!" "काल पडतो?" "काल... काल पडला! पडला! उठला पण!" तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्यानंतर घडून गेलेल्या गोष्टीत तिची कधी गल्लत झाली नाही. गल्लत झाली की टीचर चपला घालते आणि सगळा वर्ग हसतो, हे तिला पुरेसं होतं.

दिवाळीच्या सुमारास तिने पहिली मोठी गोष्ट सांगितली. आपल्या वारलेल्या आजीची, आईच्या आईची. "आजी विसरायची. तांब्या हातात घ्यायची आणि विचारायची, हे काय आहे? चमचा घ्यायची, हे काय आहे? आम्ही हसलो तर रडायची. 'मला ठाऊक आहे,' म्हणायची. ठाऊक नव्हतं. मग आई म्हणाली, हसायचं नाही, चूक दाखवायचीही नाही. डोक्याला ऊन लागतं तेव्हा असं होतं. आजीला बसवायचं, पाणी द्यायचं, दुसरं काहीतरी बोलायचं. बोलता बोलता तिला आपोआप आठवतं." एवढं सगळं ती एका दमात बोलली आणि स्वतःच चकित होऊन खाली बसली. मी पाठ वळवून फळा पुसत राहिले, नाहीतर माझे डोळे पोरांना दिसले असते.

अशा पोरीला मी आता परत "ही छत्री आहे" घोकायला लावू?

"नाही," मी विलासिनी टीचरांना म्हटलं. "तक्ता लावणार नाही."

"आठ दिवसांचा प्रश्न आहे गं."

"आठ दिवसांत मुलांना कळेल की टीचर एवढे महिने खोटं सांगत होती."

विलासिनी टीचर हळूच म्हणाल्या, "तुझ्या हट्टापायी ती पोर गावी गेली तर, त्रेसिया? तिच्या बापाला तू तोंड दाखवशील?"

हे मात्र लागलं. घरी गेले तरी डोक्यातून जाईना. नवऱ्याला, पौलीला सांगितलं, तर तो माशाचे काटे काढत म्हणाला, "मग शिकवून टाक ना ती वाक्यं. तुझं काय जातंय?" त्याला वाढलेली आमटी मी परत पातेल्यात ओतणार होते, पण त्याचंही खरं होतं. माझं काहीच जात नव्हतं. जाणार होतं ते कुंतलाचं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता पसरून मी तिलाच विचारलं. मला खरंच उत्तर माहीत नव्हतं. "बुधवारी सर येतील. तुझी परीक्षा घेतील. विलासिनी टीचर म्हणतात, तक्त्यावरची वाक्यं पाठ कर. करायची का?"

तिने तक्त्याकडे पाहिलं. "ती मला येतात की, टीचर."

"येतात?"

"येतात. आई पडली तेव्हापण येत होती."

झालं. मी तक्ता गुंडाळला आणि पुन्हा कपाटामागे टाकला. वर्गाला सांगितलं, "बुधवारी आपल्याकडे पाहुणा येणार आहे. पाहुण्याबद्दल आपल्याला काय काय ठाऊक नाही?" केवढी यादी झाली! तो कुठे राहतो, कशाने येणार, दुपारच्या जेवणातल्या आमच्या कांजीत, म्हणजे तांदळाच्या पेजेत, मूग घातलेले आवडतील का, रात्री घोरतो का. शेवटचा प्रश्न शाहनाजचा. माझा पौली घोरतो हे तिने माझ्याकडून काढून घेतलं होतं, तेव्हापासून ती सगळ्यांनाच ते विचारते.

बुधवारी सहदेवन सर आले ते घामाने निथळत. आमच्या कुंभ महिन्यातलं, उन्हाळा पेटतानाचं ऊन, आणि ते स्टँडपासून चालत आलेले. पांढरा सदरा पाठीला चिकटलेला. लांब दांडीची काळी छत्री त्यांनी टेबलावर ठेवली, खिशातून पेन काढलं, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पाचवीसाठी नाव आहे ती मुलगी कोण? उभी राहा."

कुंतला उभी राहिली. सरांनी छत्री उचलून धरली.

"हे काय आहे?"

कुंतलाने छत्रीकडे पाहिलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे बघत होते.

"मोठ्याने विचारू? हे काय आहे?"

शाहनाज शेजारणीच्या कानात म्हणाली, "सरांना ठाऊक नाही वाटतं." तिचं कानातलं बोलणं सगळ्या शाळेला ऐकू जातं.

"सर," कुंतलाने अगदी अदबीने विचारलं, "तुम्हाला ठाऊक नाही?"

विलासिनी टीचरांच्या घशातून काहीतरी विचित्र आवाज आला.

"मला ठाऊक आहे!" सर म्हणाले. "मी तुला विचारतोय."

ते ऐकलं आणि कुंतलाचा चेहरा एकदम बदलला. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं? सरांनी छत्री खाली ठेवली आणि पेन वर धरलं. "बरं, हे काय आहे?" कुंतला त्यांच्या घामेजल्या कपाळाकडे बघत होती. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "हे? हे तरी?" प्रत्येक प्रश्नागणिक पोरीच्या कपाळावर एकेक आठी वाढत होती.

सरांनी विलासिनी टीचरांकडे वळून हात उडवले. "इतके दिवस शाळेत आहे आणि एका शब्दाचं उत्तर नाही. वर उलट प्रश्न. राहू दे दुसरीतच." त्यांनी पेन कागदाजवळ नेलं.

"त्रेसिया," विलासिनी टीचर माझ्या कोपराला चिमटा काढत पुटपुटल्या, "सांग तिला. नुसतं 'उत्तर दे' म्हण. देईल ती. हात जोडते."

मी हट्टी आहे, पण दगड नाही. बसंतीचं काय झालं ते मला माहीत होतं. नियम गेला चुलीत, असं म्हणून मी तोंड उघडलं. शप्पथ सांगते, "कुंतला, सांग" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते.

पण कुंतला तिच्या जागेवर नव्हती. तिने माझी खुर्ची ओढत आणून सरांच्या मागे लावली होती आणि त्यांच्या हातातलं पेन हळूच काढून टेबलावर ठेवलं होतं.

"सर, बसा," ती म्हणाली. "ऊन फार आहे."

सर बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने कोपऱ्यातल्या किटलीतून औषधी लाकडाची साल घालून उकळलेलं, आमच्याकडे पितात ते गुलाबी पाणी पेल्यात ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"हळू प्या. कशाने आलात?"

"बसने," सर म्हणाले. मग भानावर येऊन विलासिनी टीचरांकडे बघायला लागले, पण तोवर पुढचा प्रश्न आला होता.

"स्टँडवर रिक्षा नव्हती?"

"होती एक. माझ्यासमोरच दुसरं कुणीतरी बसून गेलं."

"अरेरे. मग चालत आलात. छत्री होती, तर उघडली का नाही?"

सरांनी छत्रीकडे पाहिलं. "उघडत नाही. काडी मोडलीय."

"कुणी मोडली?"

"नातीने. परवा छत्रीची होडी केली होती अंगणात." सरांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

"तुम्ही रागावलात?"

"रागावणार होतो. पण ती आधीच रडायला लागली."

"जाताना परत ऊन लागेल," कुंतला काळजीने म्हणाली. "शाहनाजचे अब्बा छत्र्या नीट करून देतात. तुम्ही जेवायला थांबलात तर तोपर्यंत छत्री होईल. आज कांजी आहे, मूग घातलेले. मूग आवडत नसतील तर मी वेगळी काढून ठेवायला सांगेन. आवडतात?"

"आवडतात."

"रात्री घोरता का?" शाहनाजने बसल्या जागेवरून विचारून टाकलं.

"शाहनाज, ते नंतर," कुंतला म्हणाली. "आधी त्यांना बरं वाटू दे."

विलासिनी टीचर भिंतीला टेकल्या होत्या. माझ्या कोपरावरचा हात त्यांनी सोडला नव्हता, पण चिमटा कधीच सुटला होता. घडून गेलेलं, घडत असलेलं, घडणार असलेलं, आणि घडलं तर काय होईल, सगळं त्या पोरीच्या तोंडून सरळ येत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, की हे बघा, हे व्याकरण!

सरांनी पेला रिकामा केला आणि खाली ठेवला. त्यांच्याही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी छत्रीवर बोट ठेवलं.

"म्हणजे याला छत्री म्हणतात, हे तुला ठाऊक होतं?"

"हो, सर."

"मग मघाशी सांगितलं का नाहीस?"

कुंतलाने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. मग ती सरांच्या जवळ वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. माझ्या आजीला वाटायचं."

सहदेवन सर त्या पोरीकडे बघत राहिले. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी कपाळ पुसलं, मग डोळेही पुसले. घाम असेल, मी काही जवळ जाऊन पाहिलं नाही. मग त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांना उत्तर खरंच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"कुंतला, जूनपासून पाचवीत बसशील?"

"बसेन, सर."

"मोठ्या मुलांमध्ये? कठीण जाईल."

"जाऊ दे. अडलं तर विचारीन."

"बरं," सर म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. "ऑफिसात गेलो की लिहून पाठवतो."

कुंतलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना परत खाली बसवलं. कागद त्यांच्यापुढे सरकवला. मग टेबलावरून पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्या बोटांत नीट धरवून दिलं.

"हे पेन आहे, सर," ती समजुतीने म्हणाली. "आत्ताच लिहा. नंतर विसराल."